जुन्या वस्तूची कंडिशन लिहायची तरी कशी? विकलेलं घड्याळ परत आलं

महाल_वाडा:

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. महालातला आमचा वाडा आता बिल्डरकडे चालला, दिवाळीच्या आत रिकामा करून द्यायचाय आणि आम्ही तिघं भाऊ तीन फ्लॅटांत जातोय तर एवढं सामान कुठेच मावत नाही, म्हणून जे घरात कोणालाच ठेवता येत नाही ते निदान चांगल्या हाती जावं असं ठरवलं. भंगारवाला आधीच दोन चकरा मारून गेला, घंगाळाचा किलोवर भाव सांगून राहिला होता, ते ऐकून आई उठून आत निघून गेली.

पहिलं विकलं ते आजोबांचं भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ. अमेरिकन, डायलवर अन्सोनिया लिहिलेलं. ऑनलाइन टाकलं, चार फोटो, खाली लिहिलं "१०० वर्षं जुनं, ओरिजिनल, चालू, उत्तम कंडिशन". पुण्याच्या एका गृहस्थांनी साडेअकरा हजाराला घेतलं आणि दहा दिवसांत परत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की दहा मिनिटांत बंद पडतं, तीन वाजता सात टोले देतं, डायल नंतरची आहे, आणि खालच्या नक्षीतला एक तुकडा कधीतरी नवा बसवलाय. पैसे मी लगेच परत केले, येण्याजाण्याचं भाडंही माझ्याच अंगावर घेतलं, त्याचं काही नाही. पण त्यांनी "तुम्ही फसवलं" असं लिहिलं ते फार लागलं. आमच्याकडे ते घड्याळ खरंच चालू होतं हो, बाबा दर रविवारी चावी द्यायचे आणि ते गेल्यावर मी. डायल बदललेली आहे हे मला खरोखर माहीत नव्हतं.

आता अजून बरंच आहे. रविवर्मा प्रेसची लक्ष्मी फ्रेममध्ये, एचएमव्हीचा पेटीतला ग्रामोफोन आणि ४०-५० तबकड्या, सागवानी कपाट, तांब्याचं मोठं घंगाळ, दोन समया, १४ चांदीचे कलदार (इंग्रजांच्या काळातले रुपये). आई म्हणते सगळं आधी पीतांबरीनं लख्ख करू मग फोटो काढ. मोठा भाऊ म्हणतो कपाटाला पॉलिश मारून घेऊ, दुप्पट भाव येईल. करावं का? आणि मुख्य म्हणजे "कंडिशन" या रकान्यात प्रामाणिक माणसानं नेमकं काय लिहायचं, जेव्हा त्याला स्वतःलाच वस्तूतलं फारसं कळत नाही?


टिकटिक_इतवारी:

महालकर भाऊ, मी इतवारीत घड्याळी दुरुस्त करतो, ३१ वर्षं झाली. तुमच्या चार तक्रारीतल्या दोन तक्रारी घड्याळीच्या नाहीतच, त्या प्रवासाच्या आहेत, आणि दोन खऱ्या आहेत. वेगवेगळं सांगतो.

दहा मिनिटांत बंद पडते ती. लंबकाचं घड्याळ सरळ टांगलं नाही तर टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही, एक लांब एक आखूड, लंगडा माणूस चालतो तसं ऐकू येते, आणि मग ते थोड्या वेळात थांबते. तुमच्या वाड्यात ते एकाच खिळ्यावर चाळीस-पन्नास वर्षं टांगलेलं, तिथं त्याचं बसलेलं होतं. भिंतीवर जाऊन पहा, पेटीच्या खालच्या कडेची काळी रेघ दिसन, आणि ती रेघ बहुतेक तिरपीच असन. म्हणजे तुमच्याकडे ते तिरपंच बरोबर चालत होतं. पुण्यात त्यांनी लेव्हल लावून एकदम सरळ टांगलं असन. लंबकाला ढकलणारी मागची तार थोडी वाकवून टिकटॉक सारखी करावी लागते, पाच मिनिटांचं काम. आणि एक विचारतो, लंबक काढून वेगळा बांधला होता का? तसाच टांगलेला पाठवला असन तर वरची पातळ पट्टी, तिला आम्ही सस्पेन्शन म्हणतो, ती वाकते नाहीतर तुटते.

तीनला सात टोले. या जुन्या अमेरिकन घड्याळीत टोल्यांचं चाक वेगळं असते, त्याच्यावर खाचा असतात, एक दोन तीन चार अशा क्रमानं. त्या चाकाला काटे कुठं आहेत ते माहीतच नसते, ते आपलं मागच्यानंतर पुढचं एवढंच जाणते. गाडीत हादरे बसले, लिव्हर उचलला गेला, की टोले पुढं निघून जातात आणि काटे मागं राहतात. बऱ्याच घड्याळींत डायलखाली एक तार लोंबते, ती हळूच वर उचलली की ते पुढचे टोले देते, असं करत करत काट्यांशी जुळवून घ्यायचं. हा बिघाड नाही बाप्पा. पण घेणाऱ्याला हे कोण सांगन? तुम्हीच सांगायला पाहिजे होतं, कागदावर लिहून पेटीत टाकायला पाहिजे होतं.

आता डायल. ही तक्रार त्यांची बरोबर आहे. पत्र्यावर कागद चिकटवलेला असतो, तो पिवळा पडते, चावीच्या भोकापाशी बोटं लागून लागून काळा होते, मग कोणीतरी दुकानात नेते आणि दुकानवाला नवा छापील कागद चिकटवून देते. मीच आतापर्यंत किती चिकटवले असतील. दुरुस्ती म्हणून त्यात वाईट काही नाही, लपवलं की वाईट. पाहायचं कसं, तर चावीच्या भोकाच्या कडा पहा, पितळी कड्यांच्या खाली कागद गेलेला आहे का कड्यांच्या भोवती कापून बसवला आहे. पत्र्याच्या मागल्या बाजूला कधी जुन्या कागदाच्या चिंध्या दिसतात.

आणि ऐका, डायलवर अन्सोनिया लिहिलं म्हणून घड्याळ अन्सोनिया होत नाही. कागद तर कोणताही लावता येते. डायल काढून आतल्या मशीनच्या पितळी पट्टीवर छाप पहायचा. तिथं नाव असन तर घड्याळीचं वयही बऱ्यापैकी पक्कं होते, कारण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला अन्सोनियाचा कारखाना १९२९ ला बंदच झाला, मशिनरी सगळी रशियानं विकत घेऊन नेली. म्हणजे मशीन त्यांचं असन तर ९५ वर्षांच्या आतलं असूच शकत नाही. तुमचं "१०० वर्षं" फार चुकीचं नव्हतं, पण ते तुम्ही आजोबांच्या आठवणीवर लिहिलं, छाप पाहून नाही.

"चालू" हा शब्द तर वापरूच नका. आठ दिवसांची घड्याळ आहे ना, मग पूर्ण चावी द्या, समोरून पाहिलं तर उजवीकडलं भोक चालीचं आणि डावीकडलं टोल्यांचं, आणि आठ दिवस हात लावू नका. किती दिवस चाललं, रोज किती मिनिटं मागं-पुढं गेलं, बाराचे बारा टोले पडले का, ते वहीत लिहा आणि तेच जाहिरातीत टाका. मशीनच्या पट्टीवर अक्षाची भोकं असतात ती पहा, गोल असायला पाहिजे, झिजून लांबट झाली असतील तर तेही लिहा. भोकाभोवती पंच मारून आवळल्याच्या खुणा दिसल्या तर समजा की आधी कोणी स्वस्तात काम करून गेलं. फोटो काढून टाका, समजणारा समजून घेते.


महाल_वाडा:

भाऊ, आत्ताच भिंतीवर पाहून आलो, रेघ तिरपी आहे. आणि लंबक लावूनच पाठवला होता मी, थर्माकोल भरून. मला वाटलं तेवढं पुरे. पट्टी वाकलीये हे आता दिसतंय.


कागदवाली:

मी जुने कागद, चित्रं, हस्तलिखितं यांच्या जतनाचं काम करते, नागपुरातच. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, की स्वतःलाच कळत नसेल तर काय लिहायचं. आमच्याकडे कोणतीही वस्तू आली की आधी तिचा स्थिती-अहवाल लिहितात, आणि पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की डोळ्यांना दिसलं ते एका जागी लिहायचं आणि त्यावरून काय वाटतं ते दुसऱ्या जागी. "खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग, कडा गडद" हे दिसलेलं. "बहुधा पावसाचं पाणी गेलं असावं" हे वाटलेलं. तुम्हाला चित्रातलं काही कळत नसलं तरी पहिला भाग तुम्ही माझ्याइतकाच चांगला लिहू शकता. उत्तम, सुंदर, रेअर हे शब्द घेणाऱ्याला काहीच सांगत नाहीत, आणि भांडण झालं की तेच शब्द तुमच्या विरोधात उभे राहतात.

तुमच्या लक्ष्मीबद्दल. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेऊन चालवला. छपाई शिळेवरून, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, वरून वार्निश. अशा छपाईचे ठिपके भिंगाखाली वेडेवाकडे, लहानमोठे, हातानं टाकल्यासारखे दिसतात. आजकालच्या ऑफसेट छपाईत ते शिस्तीत रांगेनं आणि फुलाच्या आकारात बसलेले असतात. घड्याळवाल्याचं किंवा सराफाचं दहापट भिंग पुरतं. तिरप्या प्रकाशात धरलं तर कित्येक जुन्या प्रतींवर कॅनव्हाससारखी बारीक उठाण दिसते, हाताला लागते (पण हात लावू नका).

दुसरी परीक्षा सोपी आहे. नोटा तपासायचा तो जांभळा टॉर्च मिळतो ना, दीड-दोनशे रुपयांचा, तो रात्री अंधार करून काचेशिवाय कागदाच्या मागच्या बाजूवर टाका. साधारण १९५० नंतर कागदात पांढरेपणासाठी चमक आणणारं रसायन घालायला लागले, तसा कागद निळसर पांढरा झगझगतो. जुना कागद निस्तेज राहतो. घड्याळाच्या डायलवरही हाच टॉर्च टाकून बघा. चमकला तर नक्की नंतरचा. नाही चमकला तर मात्र एवढ्यावरून जुनाच आहे असं ठरवू नका.

फ्रेम उघडताना फार जपून. चित्र काचेला टेकलेलं असेल तर वार्निश आणि ओल मिळून ते काचेला चिकटलेलं असू शकतं, ओढलं तर लक्ष्मीचा चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. एका कोपऱ्यातून डोकावून बघा, अडत असेल तर तिथेच थांबा आणि तसं लिहा, "काचेला चिकटलंय, उघडलेलं नाही". मार्जिन आहे का बघा. आपल्या लोकांनी फ्रेमच्या मापात बसवायला कडा कापल्या, आणि प्रेसचं नाव, चित्राचं नाव तिथेच छापलेलं असतं. कापलेली असेल तर किंमत उतरते, हे सरळ लिहायचं. साडीला जर-टिकल्या लावल्या असतील तर तो बिघाड नाही, तशी सजवायची पद्धतच होती, उलट हौशी लोक त्याला जास्त मोजतात.

आणि नागपूरकरांनी एक खास बघायचं. चित्र कोणत्या भिंतीवर होतं? मे महिन्यात ४५-४६ डिग्री, हवेत ओलाव्याचं नाव नाही, कागद-लाकूड कोरडं ठक्क होऊन आकसतं, आणि त्याच खोलीत दुपारी कुलर लावला की ओल्या हवेचा झोत. नंतर पावसाळा. वर्षानुवर्षं हे फुगणं-आकसणं चाललं की कागद लाटांसारखा होतो, फ्रेमचे कोपरे उघडतात आणि मागच्या पुठ्ठ्यात कसर लागते. कुलरच्या समोरच्या भिंतीवरचं चित्र आणि आतल्या देवघरातलं चित्र, एकाच दिवशी आणलेली असली तरी, मला पाठीमागून बघून वेगळी सांगता येतात.

पीतांबरीबद्दल आईंना माझ्याकडून हात जोडून सांगा, नको. रोजच्या पूजेची समई घासणं वेगळं. विकायच्या जुन्या पितळेवर जो काळसर-तपकिरी रंग चढलेला असतो तोच तिच्या वयाचा पुरावा, आणि घासल्यानं नक्षीच्या धारा बोथट होतात त्या परत येत नाहीत. धूळ मऊ ब्रशनं, तेलकट चिकटा कोरड्या सुती फडक्यानं, बास. फक्त कुठे फिकट हिरवी, पिठासारखी, नखानं निघणारी पूड दिसली तर ती वस्तू बाकीच्यांपासून बाजूला कोरड्या जागी ठेवा आणि तसं लिहा, तो गंज आत चालू असतो. गडद, घट्ट बसलेला हिरवा वेगळा, त्याला घाबरू नका.


सागवान_धंतोली:

ताई बाकी सगळं पटलं पण कपाटाच्या बाबतीत मी भावाच्या बाजूचा आहे. मी जुनं फर्निचर घेतो, दुरुस्त करून विकतो. घरगुती वापराच्या सागवानी कपाटाला जुन्या पॉलिशसाठी कोणी पैसे देत नाही, गिर्‍हाईकाला बेडरूममध्ये ठेवायचं असतं. चिकट काळं कपाट फोटोत पाहिलं की पुढे सरकतो तो. आलापल्लीकडचं जुनं सागवान असेल तर पॉलिश काढल्यावर जो रेषा-रेषांचा रंग दिसतो ना, मन भरून येतं.

पण घाई नका करू, आधी बघा पॉलिश कोणतं आहे. मागे किंवा खाली न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं थोडं स्पिरिट लावा. चिकट होऊन बोळ्याला रंग आला तर चपड्याचं म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश, काहीच नाही झालं तर अलीकडचं मेलामाइन वगैरे. आणि मग स्क्रू बघा, अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात निघाले, तसे दिसले तर ते तरी नंतरचे. बिजागरीच्या बाजूला जुन्या भोकांत पाचर मारलेली दिसली तर बिजागरी बदललेली. मागची फळी प्लायवूडची असेल तर ती बदललेली असायची शक्यता फार. खण बाहेर काढून उलटे करा, आतलं खालचं लाकूड कच्चं, रंधा न मारलेलं, हातानं कापल्याच्या खुणांचं असेल तर चांगलं लक्षण.

घूण. भोकं दिसली म्हणून घाबरायचं नाही, काळी पडलेली भोकं म्हणजे किडा कधीचाच गेला. खाली काळा कागद अंथरा, पंधरा दिवसांनी त्यावर ताजा फिकट भुसा पडलेला दिसला तर किडा आत आहे, ते कपाट औषध मारल्याशिवाय कोणाच्या घरात पाठवू नका, त्याच्या बाकीच्या लाकडात जाईल.


कागदवाली:

सागवानदादा, वापराचं कपाट असेल तर तुमचं मान्य. माझं म्हणणं इतकंच की विकणाऱ्यानं करू नये, घेणाऱ्याला करू द्यावं. नवं पॉलिश मारल्यावर खाली काय होतं ते कोणालाच कळत नाही, ना भेग, ना पुटीन, ना नवा तुकडा. आणि चपड्याचं जुनं पॉलिश जांभळ्या टॉर्चखाली नारिंगी चमकतं, ते एकदा खरवडलं की मूळ होतं हे दाखवायला हाती काहीच उरत नाही.


सागवान_धंतोली:

आणि न करता विकलं तर निम्मा भाव येतो, तो निम्मा माझ्यासारखा माणूस खातो, हेही त्यांना माहीत असू द्या. मी माझं नुकसान करून सांगून राहिलो. करायचंच असेल तर आधीचे फोटो काढून ठेवा आणि जाहिरातीत दोन्ही टाका, आधीचे आणि नंतरचे, तारखेसकट. मग लपवलं असं कोणी म्हणणार नाही.


कलदार:

नाण्यांचं पटकन. अजिबात घासू नका, रिठा नाही, चिंच नाही, टूथपेस्ट नाही, संग्राहक घासलेलं नाणं लांबून ओळखतो. वजन करा सराफाच्या काट्यावर, कलदार रुपया ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्यांत चांदी शेकडा ९१.७, १९४० पासूनच्यांत निम्मीच. म्हणजे सराफाच्या भावातसुद्धा फरक पडतो, सगळे १४ एका ढिगात देऊ नका. राजा-राणीच्या चित्रात सगळ्यात उंच भाग झिजलाय का, केसांच्या रेघा वेगळ्या दिसतात का, कडेचे दात पूर्ण आहेत का एवढं लिहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका, ग्रेड घेणारा स्वतः ठरवेल. काठावर वरच्या बाजूला खरवडल्याची किंवा डाखाची खूण दिसली तर ते नाणं कधीतरी कडी लावून गळ्यात घातलेलं आहे, आपल्याकडे फार असतात अशी, आवर्जून लिहा.


बर्डीचा_ग्राहक:

मी विकत नाही, घेतो. पंधरा वर्षांपासून तबकड्या, ग्रामोफोन. घेणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

तुमचा पेटीचा ग्रामोफोन चांगला आहे, कारण बाजारात ते पितळी भोंग्याचे "अँटिक एचएमव्ही" म्हणून जे विकतात त्यातले बहुतेक नव्यानं जोडलेले, मोडलेल्या पेटीच्या ग्रामोफोनचं मशीन काढून नव्या लाकडी खोक्यात बसवायचं, वर पातळ पितळेचा चकचकीत भोंगा आणि कुत्र्याचं स्टिकर. माझाही पहिला तसाच निघाला. माझ्या मते पेटीवाल्यात फसवणूक कमी. त्यात लिहा की चावी पूर्ण भरल्यावर एक बाजू शेवटपर्यंत एका वेगानं वाजते का, मध्येच गळाठते का, साउंडबॉक्समधलं (सुई बसते त्या गोल डबीतलं) रबर कडक झालंय का (होतंच, ते बदलता येतं, लाज वाटायचं कारण नाही), झाकणाच्या आतलं चित्र शाबूत आहे का. एक व्हिडिओ टाका तबकडी वाजतानाचा, तीन मिनिटांचा, न कापलेला.

तबकड्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) असतील तर त्या स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसू नका!! त्या लाखेच्या आहेत, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीत पळसावर, कुसुमावर जी लाख धरते त्याच जातीची लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सागवानदादांनी कपाटावर सांगितली तीच गोष्ट. एका माणसानं मला पाठवायच्या आधी प्रेमानं सगळ्या स्पिरिटनं चमकवल्या, सगळे आवाज गेले. पुसायच्या तर मऊ कोरडा ब्रश. केसासारखी भेग पाहायला तबकडी मधल्या भोकात बोटावर तोलून कडेला नखानं हलकं टिचकारा, चांगली असेल तर नाद येतो, भेगाळलेली असेल तर बद्द वाजते. आणि भेग असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक टक् ऐकू येते, मिनिटाला ७८. तरी विका, भेगाळलेली तबकडीसुद्धा मी घेतो जर आवाज दुसरीकडे कुठेच मिळत नसेल, फक्त मला आधी सांगा.

फोटोंचं. फ्लॅश नको, ट्यूबलाइट नको. सकाळी आठच्या आत गच्चीत सावलीत. प्रत्येक वस्तूचा समोरून एक, मागून एक, तळातून एक, आणि जिथे जिथे मोडलंय तिथला जवळून, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून. ज्या जाहिरातीत खोटीचा फोटो पहिल्या तीनांत असतो त्या माणसाला मी भाव पाडून मागत नाही, मनच होत नाही. कारण मला कळतं की बाकीचंही त्यानं बघितलंय. पुण्याच्या त्या गृहस्थांचं तसंच झालं असणार. डायल बदललेली आहे याचं दुःख नसतं हो, "ओरिजिनल" वाचून रात्री स्वप्न बघितलेलं असतं त्याचं असतं.


महाल_वाडा:

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. पीतांबरी परत कपाटात गेली. टॉर्च आणला, डायल निळी झगझगली. मशीनच्या पट्टीवर अन्सोनियाचा छाप आहे, न्यूयॉर्क लिहिलंय, ते बघून जरा बरं वाटलं.

एक विचारायचं राहिलं. देवघरात विष्णूची पितळी मूर्ती आहे, वीतभर, पणजोबांच्या आधीची असं घरात सांगतात, आणि आजोबांच्या पेटीत चांदीत मढवलेली दोन वाघनखं निघाली. मुंबईचा एक जण फोटोवरूनच दोन्ही मागतोय, म्हणतो बाहेरच्या देशात गिर्‍हाईक आहे.


कागदवाली:

त्याला आजच नाही म्हणून सांगा. वाघनखं विकणं सरळ गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा, चांदीत मढवली काय आणि आजोबांची काय, विक्री होत नाही. हस्तिदंती मुठी, सांबराची शिंगं सापडली तर तेच. विदर्भातल्या जुन्या घरांतून हे निघतंच, त्यामुळे पेट्या उघडताना लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारा, ऑनलाइन फोटो तर मुळीच टाकू नका.

मूर्ती १०० वर्षांच्या वरची असेल तर ती कायद्यानं पुरावशेष ठरते, तोही कायदा १९७२ चाच, लागू झाला १९७६ पासून. धातूच्या, दगडाच्या मूर्तींची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं, आणि देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. खात्याचं नागपूर मंडळ इथेच आहे, मूर्तीचे फोटो आणि मापं घेऊन आधी तिथे जा. आणि अशा मूर्तीला तर हातच लावू नका घासायला, पूजेत असेल तर रोजचं पाणी-गंध चालू द्या, तेवढंच.


महाल_वाडा:

समजलं. मूर्ती विकायची नाहीच, आई तिच्यासोबत नेणार. वाघनखांचं उद्याच विचारतो.

घड्याळ मी टिकटिक भाऊंकडे नेलं होतं, पट्टी बदलली, बाकी काही करू दिलं नाही. आता नव्यानं लिहिलंय, वाचून सांगा:

"भिंतीवरचं आठ दिवसांचं टोल्यांचं घड्याळ. मशीनवर अन्सोनिया, न्यूयॉर्क हा छाप (फोटो ४). डायलचा कागद नंतर बदललेला, जांभळ्या प्रकाशात चमकतो (फोटो ५). पेटीच्या खालच्या नक्षीत डावीकडे दीड इंचाचा तुकडा वेगळ्या लाकडाचा, पॉलिश जुळवलेलं, कधी बसवला माहीत नाही (फोटो ६). सस्पेन्शन पट्टी या महिन्यात नवीन टाकली. मागच्या पट्टीवर दोन भोकांभोवती पंचाच्या खुणा (फोटो ७). पुढची काच जुनी, लाटा दिसतात, एका कोपऱ्यात नखाएवढा टवका. पूर्ण चावीवर आठ दिवस चाललं, रोज सुमारे चार मिनिटं मागे पडतं, टोले बरोबर. पेटीला मूळ पॉलिश आहे. आमच्या घरात तीन पिढ्या होतं. लंबक वेगळा पाठवू, टांगायची आणि टोले जुळवायची रीत मराठीत लिहून सोबत देऊ, फोनवरही सांगू."


टिकटिक_इतवारी:

चांगलं आहे भाऊ. एकच बदल, "मूळ पॉलिश आहे" हे कोणी पाहिलं? ते "पॉलिश आम्ही केलेलं नाही" असं करा. आणि चार मिनिटं मागं पडते ते लंबकाखालची चकती थोडी वर चढवली की येईन, पण तुम्ही चढवू नका, तुम्ही मोजलं तेच राहू द्या, घेणारा त्याच्या भिंतीवर करून घेईन. चावी पेटीत सुटी टाकू नका, काच फुटते. दोऱ्यानं दाराच्या कडीला बांधा.


बर्डीचा_ग्राहक:

भाव किती लावताय? आणि तबकड्यांची यादी टाका ना, लेबलच्या फोटोसकट, मी रविवारी महालात येऊनही बघू शकतो.


महाल_वाडा:

नऊ हजार लावतोय, तो टवका आणि डायल धरून. पुण्याच्या त्यांनाही हेच वर्णन आधी पाठवलं, उत्तर आलंय, म्हणतात फोटो ७ अजून जवळून काढून पाठवा. रविवारी या तुम्ही, अकराच्या आधी, तोवर ऊन गच्चीवर चढत नाही.